पाठ आणि ओझे : कुमाऊँ–गढवालच्या वाटांवरील मुक्कामी सामानाचा इतिहास

हिमालयाच्या कुशीतील कुमाऊँ आणि गढवाल या प्रदेशांत १९व्या शतकाच्या मध्यापासून शिकार, महाशीर माशाची गळाने होणारी मासेमारी, जंगलमोजणी, महसुली दौरा अशा नाना निमित्तांनी परके लोक तंबू घेऊन हिंडू लागले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या सामानाच्या याद्याही हिंडू लागल्या. त्या काळच्या मार्गदर्शक पुस्तकांत या याद्या तपशीलवार छापलेल्या आढळतात. कोणता तंबू घ्यावा, किती घोंगड्या घ्याव्यात, चहा कोणत्या डब्यात भरावा, औषधाच्या पेटीत काय असावे, हे सारे त्यांत असते. हे सगळे वाहणार कोण, हा एक रकाना मात्र त्यांत बहुधा नसतो. सामानाची यादी प्रवाशाच्या गरजेप्रमाणे लांबते किंवा आखडते असे मानण्याचा प्रघात आहे. या प्रदेशाचा इतिहास पाहता ती वाहणाऱ्या पाठीच्या भावाप्रमाणे लांबते-आखडते असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. १९२१ साली येथे या पाठीचा भाव एकाएकी बदलला, त्यामुळे हे विधान तपासून पाहण्यास इतका सोयीचा प्रदेश दुसरा क्वचितच सापडेल.

इंग्रजांनी १८१५ साली गोरख्यांकडून कुमाऊँ आणि गढवालचा पूर्व भाग घेतला तेव्हा चाकाचा उपयोग डोंगराच्या पायथ्यापर्यंतच होता. पुढे १८८४ मध्ये रेल्वे काठगोदामपर्यंत पोहोचली आणि मुंबई-कलकत्त्याला चढवलेल्या पेट्या डोंगराच्या थेट पायरीशी उतरू लागल्या, तरी त्या पायरीच्या वर बहुतेक वाटांवर खेचराची, तट्टाची किंवा माणसाची पाठ एवढेच वाहन होते. खेचराचे ठरीव ओझे दोन मणांचे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मण, आणि मण म्हणजे ४० शेर, आजच्या हिशेबाने सुमारे ३७ किलो. सामानाची मापे या आकड्यावरून ठरत गेली. फौजेत आणि दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांत लोकप्रिय असलेल्या एका तंबूचे नावच त्याच्या वजनावरून ‘८० पौंडी’ असे पडले होते. खेचराच्या एका बाजूला बसेल एवढे हे वजन. खेचरासाठी जोडीने बनवलेल्या कातडी मढवलेल्या लाकडी पेट्यांना यखदान म्हणत, तर माणसाच्या पाठीसाठी पश्चिम हिमालयात किलटा वापरीत; खाली निमुळती, वर रुंद आणि बाहेरून कातडे शिवलेली ही टोपली झाकण लावून कुलूपबंद करता येई. जेथे खेचर जाऊ शकत नाही अशा वाटेवर किलटाच जाई, आणि चांगली शिकार व चांगले डोह बहुधा अशाच वाटांच्या शेवटी असत.

अशा मुक्कामाचे सामान जवळून पाहिले तर त्यात दोन परस्परविरोधी वृत्ती एकत्र नांदताना दिसतात. एकीकडे हलकेपणासाठी केलेली विलक्षण कारागिरी आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस रुरकीच्या बंगाल सॅपर्स या अभियंता पलटणीत घडलेली ‘रुरकी खुर्ची’ याचे उत्तम उदाहरण म्हणता येईल : कातीव लाकडाचे चार पाय, त्यांच्या भोकांत नुसत्या दाबून बसवलेल्या आडव्या पट्ट्या, बसायला व टेकायला ताणलेले कॅनव्हास आणि आवळायला चामडी पट्टे, यांखेरीज तिच्यात एकही खिळा नाही की डिंकाचा थेंब नाही. माणूस बसला की त्याच्याच वजनाने सांधे आवळले जातात, जमीन उंचसखल असली तरी चारही पाय आपापली जागा शोधतात आणि मुक्काम हलताना पाच मिनिटांत खुर्चीची वळकटी होते. दुसरीकडे, इतक्या युक्तीने वाचवलेले वजन दुसऱ्या वस्तूंनी लगेच भरून काढलेले असते. झोपण्याच्या तंबूखेरीज जेवणाचा तंबू, न्हाणीची कनात, नोकरांच्या राहुट्या, सतरंज्या, घडीची खाट, घडीचे टेबल, चिनी मातीची भांडी, दारूच्या बाटल्या, जिवंत कोंबड्यांची खुराडी, कधी दुभती शेळी, आणि साहेबाचा कमोडसुद्धा. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी १८८८ साली इंग्रज गृहिणींसाठी प्रसिद्ध केलेल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात मुक्कामी संसार उंटांवर कसा विभागून लादावा याचाही हिशेब दिला आहे. तो उंटांच्या मैदानी मुलखाचा हिशेब. डोंगरात उंटाच्या जागी माणसे मोजावी लागत, आणि एका उंटाच्या जागी एक माणूस पुरत नसे हे उघड आहे.

तंबू उभारणाऱ्या नोकराला खलाशी म्हणत. मराठीत हा शब्द आज जहाजावरच्या माणसापुरता उरला असला तरी दोर ओढणे, खुंट्या ठोकणे आणि कापड वाऱ्यात ताणून धरणे ही कामे शिडाची काय आणि तंबूची काय एकाच जातीची, म्हणून दोघांना एकच नाव होते. खलाशी, खानसामा, मसालची, भिस्ती आणि शिकारी ही माणसे पगारी असत, साहेबाबरोबर गावोगाव फिरत आणि त्यांची नावे आठवणींच्या पुस्तकांत क्वचित का होईना येतात. ओझे वाहणारा मात्र दर मुक्कामाला बदलणारा होता. एका गावाने पुढच्या पडावापर्यंत सामान पोहोचवायचे, तेथे दुसऱ्या गावाची माणसे उभी असायची. त्यामुळे त्याचे नाव कोणाच्या ध्यानात राहण्याची सोयच नव्हती.

मासेमारीच्या सामानाची कथा थोडी वेगळी आहे आणि ती विस्ताराने सांगण्याजोगी आहे. महाशीर हा मोठ्या खवल्यांचा, डोंगरी नद्यांतील जोरकस मासा. त्याचा दख्खनी भाऊबंद मराठी वाचकांना लोणावळ्याजवळच्या वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्रामुळे ठाऊक असेल. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ताकदीच्या बाबतीत महाशीर हा विलायतेच्या सामन माशापेक्षा सरस आहे, अशी बाजू मांडली. त्यानंतर गळाची मासेमारी हा शिकारीच्या बरोबरीचा छंद होऊन बसला. गढवालात गंगा आणि नायर यांचा संगम असलेले ब्यासघाट, कुमाऊँत सरयू आणि काली यांचा संगम असलेले पंचेश्वर, तसेच रामगंगेचे डोह ही ठिकाणे या छंदाच्या नकाशावर ठळक झाली.

विलायती साधने या नद्यांवर जशीच्या तशी चालत नसत. महाशीरच्या तोंडात दात नसतात; ते घशात असतात आणि गिळलेले शंख-शिंपले तो तेथे भरडतो, शिवाय त्याच्या जबड्याची पकड इतकी घट्ट असते की सामनसाठी केलेले गळ त्यात चुरडले जात किंवा सरळ होत. म्हणून जाड तारेचे, तिहेरी आकड्यांचे गळ घ्यावे लागत. दुसरी अडचण हवेची होती. दोरीच्या टोकाला, गळाच्या अलीकडे, माशाला दिसू नये असा पारदर्शक धागा जोडतात. नायलॉन येण्यापूर्वी तो रेशमाच्या किड्याच्या पोटातील रेशीमग्रंथी ताणून केलेला असे आणि त्याला ‘गट’ म्हणत. हा धागा ओला असताना चिवट आणि कोरडा पडला की काचेसारखा ठिसूळ. मैदानातल्या उन्हाळ्यात पेटीत पडून राहिलेला गट नदीवर पहिल्याच हिसक्याला तुटे, म्हणून तो ओल्या फडक्यांच्या घड्यांत डबीबंद ठेवणे आणि बांधण्यापूर्वी बराच वेळ भिजवणे ही मासेमाराची नित्याची कामे होती. रेशमी दोर रोज संध्याकाळी रिळावरून सोडवून दोन खुंट्यांमध्ये वाळत घालावा लागे, नाहीतर तो गुंडाळल्या जागी कुजे. धातूचा चमचा, म्हणजे पाण्यात गरगर फिरून लहान माशाचा भास निर्माण करणारे आमिष, डझनांनी घ्यावा लागे. देवळांच्या घाटांवर कणकेच्या गोळ्यांना चटावलेल्या माशांसाठी मात्र कणीकच पुरेशी असे. यात एक गंमत अशी की, १९व्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत बांबूच्या सहा चिरफळ्या जोडून ज्या उंची काठ्या बनू लागल्या त्यांचा बांबू आरंभी ‘कलकत्ता केन’ या नावाने हिंदुस्थानातून जाई. पुढे त्याची जागा चीनमधील टोंकिन बांबूने घेतली. म्हणजे येथला बांबू विलायतेला जाऊन, तासून, वार्निश चढवून, चांदीच्या कड्या लावून परत येई आणि रामगंगेच्या काठी ज्या माणसाच्या पाठीवरून तो पोहोचे त्याच्या घरामागे रिंगाळाचे, म्हणजे डोंगरी बारीक बांबूचे, बेट उभे असे.

हे सारे वजनाने फार नव्हे. गळ, दोर, रीळ, काठी आणि चमचे मिळून एका किलट्यात सहज मावत. बाकीचे किलटे भरत ते मासेमारासाठी, माशासाठी नव्हे.

याच वाटांवरून त्याच काळात बद्री-केदारचे हजारो यात्रेकरू पायी जात असत आणि त्यांच्या सामानाची यादी एका पडशीत मावणारी होती : घोंगडी, तांब्या, धोतर, काठी, गंगेचे पाणी भरून नेण्यासाठी एखादे भांडे. हा फरक वृत्तीचा किंवा गरिबीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण त्यामागे एक व्यवस्था होती. यात्रेच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतराने चट्ट्या असत. चट्टी म्हणजे छप्पर, चूल आणि वाण्याचे दुकान असलेला थांबा. जो यात्रेकरू दुकानातून पीठ, डाळ, तांदूळ विकत घेई त्याला शिजवायला भांडी व झोपायला जागा फुकट मिळे. म्हणजे तंबू, भांडी आणि शिधा हे सामान वाटेवर आधीच ठेवलेले होते, ते कोणाला पाठीवर न्यावे लागत नव्हते. ज्यांना चालवत नसे ते कंडीत, म्हणजे हमालाच्या पाठीवरच्या टोपलीत, बसून जात आणि त्याचे पैसे मोजत. साहेबाची वाट चट्टीवरून जात असली तरी चट्टीत उतरणे त्याला मानवत नसे. डाकबंगले आणि पुढे जंगलखात्याचे विश्रामगृह ही त्याची चट्टी, पण ती मोजक्याच वाटांवर होती आणि नदीच्या डोहापाशी तर नव्हतीच.

याद्यांतून गाळलेला रकाना भरायचा झाला तर तीन शब्दांचा अर्थ समजून घ्यावा लागतो. ‘कुली उतार’ म्हणजे नाममात्र मजुरीवर सक्तीने ओझे वाहणे. ‘कुली बेगार’ म्हणजे तीही न देता वाहून घेणे. आणि ‘कुली बर्दायश’ म्हणजे मुक्कामावर आलेल्या अधिकाऱ्याला व त्याच्या लवाजम्याला लाकूडफाटा, गवत, दूध, तूप, अंडी असा शिधा गावाने पुरवणे. कुमाऊँच्या चंद राजांच्या व गोरख्यांच्या काळापासून चालत आलेली ही रीत इंग्रजांनी मोडली नाही, उलट जमाबंदीला जोडून पक्की केली. जमीन कसणाऱ्याच्या अंगावर सारा जसा चढे तशी बेगारही चढे. कमिशनर ट्रेल यांनी आरंभीच्या वर्षांत खेचरे वाढवून माणसांवरचा भार हलका करण्याचा प्रयत्न केला होता, पण खेचर विकत घ्यावे लागते, त्याला दाणा लागतो, आणि माणूस तर फुकट मिळत होता. गावाचा मुखिया म्हणजे पधान. त्याच्याकडे कुली रजिस्टर असे आणि कोणाच्या घरची पाळी कधी हे त्यात लिहिलेले असे. पटवाऱ्याकडे महसुलाबरोबर पोलिसी अधिकारही असल्याने त्याचा निरोप मोडणे सोपे नव्हते. कायद्याने हक्क होता तो सरकारी कामापुरता. व्यवहारात मात्र पटवाऱ्याची चिठ्ठी शिकाऱ्याला, मासेमाराला आणि हौशी प्रवाशालाही मिळून जाई.

या सक्तीचा जाच वजनापुरता नव्हता. साहेबांचा दौरा हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडी निघे. त्यातला उन्हाळी दौरा रब्बीच्या कापणीवर येई, आणि कापणी टाकून दोन दिवस ओझे घेऊन जाणे व दोन दिवस परत येणे म्हणजे उभे पीक गारपिटीच्या भरवशावर सोडणे. दुसरा जाच मानाचा होता. ब्राह्मण-राजपूत शेतकऱ्याला साहेबाचे जोडे, उष्टी भांडी आणि कमोड डोक्या-पाठीवरून न्यावा लागे, आणि बेगारविरोधी लेखनात ही तक्रार वारंवार येते. जातीच्या उतरंडीत खाली असलेल्यांना हे काम पिढ्यान्‌पिढ्या करावे लागत होते याचा मात्र त्या तक्रारीत फारसा उल्लेख नसतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९११ नंतर जंगलखात्याने कुमाऊँतील जंगलांची नव्याने हद्दबंदी केली तेव्हा अधिकाऱ्यांचे दौरे वाढले आणि गवत-लाकडावरचे हक्क ज्यांचे आवळले गेले त्यांनाच आवळणाऱ्याचे तंबू वाहून न्यावे लागले. दोन गाऱ्हाणी अशी एकाच पाठीवर आली.

मराठी मुलखाला हा प्रकार अपरिचित नव्हता. वेठबिगार या जोडशब्दात दोन्ही शब्द एकाच सक्तीचे आहेत, आणि ‘वेठीस धरणे’ किंवा ‘वेठ मारल्यासारखे काम करणे’ हे वाक्प्रचार आजही रोज वापरले जातात. सरकारी अधिकाऱ्यांचे सामान पुढच्या गावापर्यंत पोहोचवणे हा महार वतनाला जोडलेल्या कामांपैकी एक भाग होता; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले त्यामागे या सक्तीच्या सेवेचा प्रश्न होता. देशावर हा भार एका जातीच्या अंगावर टाकलेला होता, कुमाऊँत तो जवळजवळ सगळ्या शेतकऱ्यांवर पसरलेला होता. आणि तेथे तो लवकर उखडला गेला याचे एक कारण बहुधा हेच असावे.

सुधारणेचा पहिला मार्ग व्यापारी स्वरूपाचा होता. १९०८ मध्ये जोधसिंह नेगी यांनी गढवालात ‘कुली एजन्सी’ काढली. गावांनी वर्गणी जमा करायची, त्या पैशांतून एजन्सीने पगारी हमाल आणि खेचरे ठेवायची आणि दौऱ्यावर येणाऱ्याने ठरलेल्या दराने ती घ्यायची, अशी ही योजना. एका अर्थाने लोक सक्तीतून सुटण्यासाठी स्वतःच पैसे भरत होते आणि यातला अन्याय उघड होता. तरीही ओझ्याला छापील दर लागण्याची या डोंगरातील ही महत्त्वाची सुरुवात होती. दुसरा मार्ग राजकीय. १९१६ मध्ये कुमाऊँ परिषद स्थापन झाली. अधिकाऱ्यांवरील टीकेमुळे १९१८ मध्ये ‘अल्मोडा अखबार’ बंद पडले तेव्हा त्याचे संपादक बद्रीदत्त पांडे यांनी ‘शक्ती’ हे साप्ताहिक सुरू केले आणि बेगारीचा प्रश्न लावून धरला.

सरयू आणि गोमती यांच्या संगमावर बागेश्वर येथे बागनाथाच्या देवळापाशी मकरसंक्रांतीला उत्तरायणीची मोठी जत्रा भरते. तिबेटच्या वाटेवरचे भोटिया व्यापारी लोकर आणि मीठ घेऊन येत, खालचे शेतकरी धान्य आणीत, आणि आसपासच्या पट्ट्यांतील पधान हटकून हजर असत. १९२१ च्या जत्रेत बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत आणि चिरंजीलाल यांच्या पुढाकाराने हजारो लोकांनी सरयूचे पाणी हातात घेऊन यापुढे बेगार न देण्याची शपथ घेतली आणि पधानांनी आपापली कुली रजिस्टरे सरयूत फेकून दिली. डेप्युटी कमिशनर पोलिसांसह तेथे हजर होता, पण जमावापुढे त्याला काही करता आले नाही. पेटवण्यापेक्षा बुडवण्याची ही निवड अर्थपूर्ण वाटते : रजिस्टर हे पाळीचे पुस्तक होते आणि संक्रांतीच्या स्नानाला जे नदीत सोडायचे ते पुन्हा बाहेर काढायचे नसते. त्याच वर्षी सरकारला इंग्रजी अंमलाखालील कुमाऊँ-गढवालात ही प्रथा मोडीत काढावी लागली. शेजारच्या टिहरी संस्थानात मात्र ती पुढेही चालू राहिली.

पाठ विकत घ्यावी लागू लागल्यावर याद्यांचे काय झाले, हा या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न. बदल एका वर्षात घडला नाही, आणि पैसेवाल्यांच्या बाबतीत तो घडलाच नाही असेही म्हणता येईल. १९२० च्या दशकातील एव्हरेस्ट मोहिमांच्या सामानात डबाबंद लावे आणि शॅम्पेनच्या बाटल्या होत्या आणि त्या वाहायला शेकडो माणसे व जनावरे होती. उलट, कुमाऊँतच जन्मलेले जिम कॉर्बेट हे बेगार संपण्यापूर्वीपासून मोजक्या सामानाने फिरत. १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीच्या मागावर ते नैनितालहून निघाले तेव्हा त्यांचे मुक्कामी सामान सहा माणसांत होते आणि ते स्वतः पायी होते. कॉर्बेट यांच्या या सवयीचे श्रेय सहसा त्यांच्या शिकारी स्वभावाला दिले जाते. पण ते मोकामाघाट येथे रेल्वेचा माल एका रुळावरून दुसऱ्या रुळावर चढवण्याचे कंत्राट वर्षानुवर्षे चालवीत होते, आपल्या मजुरांबरोबर स्वतः राबत होते आणि मालाच्या प्रत्येक मणामागे मजुराला काय पडते हे त्यांना तोंडपाठ असणार, हेही विसरून चालणार नाही.

खरे वळण १९३४ चे. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन या दोघा ब्रिटिश गिर्यारोहकांनी आंग थारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवी शिखराभोवतीच्या, कड्यांनी वेढलेल्या अंतर्भागात प्रवेश केला, जेथे त्यापूर्वी कोणी पोहोचल्याची नोंद नव्हती. पाच महिन्यांच्या या मोहिमेचा खर्च जहाजाच्या भाड्यासह माणशी दीडशे पौंडांच्या आत बसला. हे साधले ते एका साध्या गणितामुळे. माणसाला दिवसाला दोन पौंड, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम, शिधा लागतो असे धरले आणि हमालाचे ओझे ६० पौंडांचे धरले, तर निर्जन मुलखात हमाल आपण उचललेला शिधा महिन्याभरात आपणच खाऊन संपवतो. त्यामुळे प्रत्येक वाढीव पेटीसाठी एक हमाल, त्या हमालाच्या शिध्यासाठी आणखी हमाल, आणि त्यांच्यासाठी आणखी, असे हे चक्र वाढत जाते. बेगारीच्या काळात हे गणित मांडण्याची गरजच नव्हती, कारण बेगाऱ्याने आपली भाकरी घरून बांधून आणायची असे. शिप्टन-टिलमननी चक्र उलटे फिरवले : बदली कपडे जवळजवळ नाहीत, डबाबंद अन्न नाममात्र, शेर्पांचे सातूचे पीठ हेच सगळ्यांचे अन्न आणि ओझे पाचही जणांच्या पाठीवर. खालच्या टप्प्यांत पश्चिम नेपाळातील डोटी भागातून येणारे डोटियाल हमाल होते; कपाळावरच्या पट्ट्यावर भार तोलून चालणारी ही माणसे कुमाऊँच्या बाजारांत आजही दिसतात. मेट, म्हणजे त्यांचा मुकादम, दर ठरवी आणि न पटल्यास टोळी माघारी फिरे. १९३६ मध्ये टिलमन नंदादेवीच्या शिखरावर गेले त्या मोहिमेत रमणी ओढ्यापाशी डोटियाल परत गेले आणि साहेबांना स्वतःच्या पाठीवर फेऱ्या माराव्या लागल्या. पंधरा वर्षांपूर्वी हा प्रसंग पटवाऱ्यापर्यंत गेला असता.

स्वातंत्र्यानंतर ओझ्याचा इतिहास दुसऱ्या टोकाने पुढे सरकला, म्हणजे वर नेलेले खाली येते की नाही या टोकाने. १९६५ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्या गुप्त मोहिमेत चीनच्या अण्वस्त्र चाचण्यांवर नजर ठेवणारे एक यंत्र आणि त्याला वीज पुरवणारे प्लुटोनियमवर चालणारे जनित्र नंदादेवीवर नेण्यात आले; हवामान बिघडल्यावर हे जनित्र कड्याच्या आडोशाला बांधून ठेवले गेले आणि पुढच्या वर्षी जाऊन पाहिले तेव्हा ते तेथे नव्हते. आजतागायत ते सापडलेले नाही. १९७४ मध्ये नंदादेवीचा अंतर्भाग परदेशी मोहिमांना खुला झाला आणि आठ-नऊ वर्षांत इतक्या टोळ्या येऊन गेल्या की जुनिपरची झुडपे सरपणाला तुटली आणि तळांवर डब्यांचे ढीग साचले. त्याच १९७४ मध्ये ऋषिगंगेच्या तोंडाशी असलेल्या रैणी गावच्या बायकांनी गौरादेवींच्या पुढाकाराने झाडांना मिठ्या मारल्या होत्या. आदल्या वर्षी मंडल येथे चिपको आंदोलनाची ठिणगी पडली तीही खेळाचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीला अंगूची झाडे दिली गेल्यावरून, ज्या झाडांचे लाकूड गावकऱ्यांना औतासाठी नाकारले होते. १९८२ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, लगोलग आतला भाग सर्वांना बंद करण्यात आला, आणि १९९३ मध्ये लष्कराच्या अभियंता दलाची मोहीम आत गेली तेव्हा तिने जवळजवळ एक टन कचरा पाठीवरून खाली आणला.

बंदीचा फटका बसला तो लाता, रैणी या गावांना, कारण मोहिमांची हमाली हे त्यांचे रोख उत्पन्नाचे साधन झाले होते. १९९८ मध्ये लाता गावातून ‘झपटो छीनो’ या नावाने जे आंदोलन उभे राहिले त्यात उद्यानातील हक्क परत मिळावेत ही मागणी होती, आणि त्या हक्कांत ओझे वाहण्याचे कामही धरलेले होते. रजिस्टर बुडवणाऱ्या आजोबांच्या प्रदेशातील नातवांनी हमालीसाठी रस्त्यावर यावे यात विसंगती पाहण्याचे कारण नाही; आजोबांनी नाकारली होती ती सक्ती, मजुरी नव्हे.

आज या वाटांवर पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पदभ्रमणकर्त्यांची संख्या मोठी आहे, आणि निघण्यापूर्वी त्यांच्या हाती पडणाऱ्या सामानाच्या यादीत हेडलॅम्प, तीन थरांचे कपडे, पाण्याच्या दोन बाटल्या, कचऱ्याची पिशवी असे नग असतात. तंबू, भांडी आणि शिधा आयोजक नेतो. २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ माळांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केल्यापासून तळांच्या जागा आणि त्यांबरोबर सामानाचा हिशेबही बदलला. पायथ्याच्या गावी सकाळी खेचरे उभी असतात, पाठपिशव्या काट्याच्या आकड्याला लटकवून तोलल्या जातात, जास्त भरलेली पिशवी उघडून तिच्यातली जाड पुस्तके आणि दुसरी चप्पल गाडीत परत जाते. यादीच्या शेवटी ‘ऑफलोडिंग’ या शब्दाखाली, म्हणजे आपली पिशवी खेचरावर टाकायची असल्यास, नगामागे रोजचा दर आणि वजनाची मर्यादा छापलेली असते. दीडशे वर्षे गाळलेला रकाना असा यादीत आला आहे; त्यात दर असतो, वजन असते, आणि खेचरामागून चालणाऱ्याचे नाव तेवढे नसते.